व्हिडिओ कॉलवरची क्षेत्रभेट: मुलांच्या प्रश्नाने पलीकडचा कॅमेरा वळतो का?

खडूफळा (धागाकर्ती)

मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. वर्गातून व्हिडिओ कॉल लावायचा आणि पलीकडच्या माणसाबरोबर एखादा किनारा, जंगल, प्रयोगशाळा किंवा संग्रहालय बघायचं, असे प्रयोग गेली सहा वर्षं करते आहे. काही फार छान झाले, काही पार फसले. का फसले ते आता थोडंफार कळलंय असं वाटतं, म्हणून हा धागा.

पहिल्याच वेळी एका संग्रहालयाशी कॉल लावला होता. पलीकडच्या बाईंनी मनापासून तयारी केलेली. चाळीस मिनिटं स्लाइड दाखवल्या, शेवटी पाच मिनिटं प्रश्नांना. मुलं शांत बसली होती, त्यामुळे मला वाटलं उत्तम चाललंय. दुसऱ्या दिवशी वहीत 'काल काय केलं' लिहायला सांगितलं. निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं होतं, 'आम्ही एक फिल्म पाहिली.' पलीकडे एक जिवंत माणूस आपल्याशी बोलत होता हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

नंतर एकदा समुद्री जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंनी ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरून फोनवरच कॉल केला. चित्र मधूनच अडकत होतं, वाऱ्याचा आवाज होता. पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "त्या दगडाखाली काय आहे?" ताई थांबल्या, फोन दुसऱ्या हातात घेतला आणि दगड उलटा केला. खाली एक छोटा खेकडा, चिकटलेले स्पंज, शंखांच्या अंड्यांचा पुंजका. मग त्यांनी दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवला आणि का ते सांगितलं: दगडाखालचे जीव सावलीत आणि ओलाव्यात जगतात, दगड उलटा राहिला तर उन्हात मरतात. त्यानंतर वर्गातला एकही हात खाली राहिला नाही. "डावीकडे न्या", "ते हलतंय ते काय", "पाणी परत कधी येणार". वर्ष उलटून गेल्यावरही ती मुलं सहलीला गेली की दगड जागेवर ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. मुलाच्या प्रश्नाने पलीकडे काहीतरी बदललं पाहिजे. कॅमेरा वळला पाहिजे, दगड उचलला गेला पाहिजे, निदान समोरच्या माणसाने ठरवलेला क्रम मोडला पाहिजे. तसं होणार नसेल तर ध्वनिचित्रफीत दाखवावी. ती जास्त स्पष्ट दिसते आणि मध्येच अडकत नाही.

तुमचे अनुभव लिहा. फसलेले असतील तर आवर्जून.

---

दीर्घा

मी पलीकडच्या बाजूची. संग्रहालयात शाळांचे असे वर्ग घेते. खडूफळा ताई, तुमच्या पहिल्या अनुभवातल्या बाईंच्या जागी मीही होते, म्हणून आमच्याकडून काय दिसतं ते सांगते.

आम्हाला बहुतेक वेळा छत दिसतं. किंवा खिडकीसमोर बसवलेल्या तीस काळ्या आकृत्या. चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे मुलं कंटाळली की रमली हे कळत नाही. मग माणूस घाबरून बोलतच राहतो. स्लाइडचा आधार घेतला जातो तो अशामुळे. वर्गाने कॅमेरा पडद्याच्या शेजारी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आणि खिडकीकडे पाठ करून मुलं बसवली नाहीत, तर निम्मं काम होतं.

मी आता स्लाइड पूर्ण बंद केल्यात. एक वस्तू घेते. बऱ्याचदा अश्मयुगीन हातकुऱ्हाड. काहीही न सांगता ती कॅमेऱ्यासमोर धरते आणि विचारते, "ही कशी धरायची ते तुम्ही मला सांगा." मुलं सांगत जातात तशी मी ती फिरवते. "टोक खाली करा." "नाही, जाड बाजू तळहाताकडे." सात-आठ मिनिटं यातच जातात. शेवटी कोणीतरी म्हणतं की एका बाजूच्या कडा मुद्दाम पातळ केल्यासारख्या दिसतात. तिथून दगडाचे छिलके कसे काढायचे हा विषय आपोआप निघतो. हातकुऱ्हाडी सतरा लाख वर्षांहून आधीपासून बनत होत्या हे मी तेव्हा सांगते, आधी नाही.

आणखी एक. प्रत्यक्ष आलेल्या मुलांना काचेच्या बाहेरून बघावं लागतं. कॉलवर मी जीवाश्म भिंगाखाली धरू शकते, मागची बाजू दाखवू शकते, साठवणखोलीतला खण उघडू शकते. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तू एकूण संग्रहाचा छोटासा भाग असतात, बाकीचं सगळं मागे असतं. ते बघायला मिळणं ही प्रत्यक्ष भेटीतही न होणारी गोष्ट आहे.

---

पायवाट

मला वेगळं वाटतं, आणि ते स्पष्ट लिहितो.

जंगलात गेल्यावर ओल्या मातीचा वास येतो. चढ लागला की दम लागतो आणि उंची म्हणजे काय ते पायांना कळतं. चिखलात बूट अडकतो. यातलं पडद्यावर काहीही नाही. माझी भीती अशी की 'आभासी क्षेत्रभेट झाली ना, मग खरी कशाला?' असं म्हणायला व्यवस्थापनाला कारण मिळेल. एका शाळेत हे झालेलं मी पाहिलंय. दोन वर्षं वर्षाची एकमेव सहल रद्द झाली आणि पत्रकात कारण म्हणून व्हिडिओ कॉलचे उपक्रम लिहिले होते.

ज्या मुलांच्या आयुष्यात शाळेच्या सहलीशिवाय दुसरी सहल नसते, त्यांचं काय?

---

खडूफळा

पायवाट, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. जिथे चालत किंवा बसने जाता येतं तिथे कॉल लावायचाच नाही, हा माझा नियम आहे. समुद्राचा तळ, ज्वालामुखीचं तोंड, ध्रुवप्रदेश, दुसऱ्या देशातला वर्ग, जंतुविरहित प्रयोगशाळा, अशा ठिकाणांसाठी कॉल. आणि रद्द केलेल्या सहलीचं कारण म्हणून हे कोणी पुढे केलं तर शिक्षकांनी लेखी विरोध करावा.

पण खऱ्या सहलीच्या *आधी* कॉल केला तर खरी सहल सुधारते, हेही सांगायला हवं. शिक्षणाचे संशोधक जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली क्षेत्रभेटींवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. मुलं अगदी अनोळखी जागी गेली की त्यांचं लक्ष आधी ती जागा समजून घेण्यातच जातं, नेमून दिलेला अभ्यास मागे पडतो. जागा थोडी ओळखीची असेल तर अभ्यासाकडे लवकर वळतात. मी हे करून पाहिलं. जाण्याच्या आठवडाभर आधी तिथल्या मार्गदर्शकाशी वीस मिनिटांचा कॉल. बस कुठे थांबणार, स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठे प्यायचं, पहिलं दालन कसं दिसतं, आणि भेटणार तो माणूस कोण. प्रत्यक्ष गेल्यावर मुलं त्यांना नावाने हाक मारत पुढे गेली आणि पहिल्या दहा मिनिटांतच प्रश्न सुरू झाले. एरवी तो पहिला तास धावपळीत जायचा.

---

तारजोडणी

शाळांमध्ये दृक्श्राव्य यंत्रणा बसवायचं काम करतो. पडद्यावर आणि प्रोजेक्टरवर सगळे खर्च करतात, माइकवर कोणी करत नाही. वास्तविक चित्र अडकलं तर मुलं वाट बघतात, आवाज तुटला की पाच मिनिटांत वर्ग हातातून जातो.

काही गोष्टी लिहितो, ज्या मला रोज पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. लॅपटॉपचा माइक समोर बसलेल्या एका माणसासाठी असतो, तीस मुलांच्या खोलीसाठी नव्हे. एक वेगळा माइक स्टँडवर ठेवा आणि प्रश्न विचारणारं मूल उठून तिथे येऊ दे. चालत येण्याच्या त्या पाच-सात सेकंदांत पलीकडच्याला कोण बोलणार तेही कळतं. एकाच खोलीत दोन लॅपटॉप एकाच मीटिंगमध्ये असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर कान फुटतील अशी शीळ वाजते. वायफायपेक्षा केबल. इंटरनेट कमी पडलं तर आधी चित्र बंद करा. आवाजाला इंटरनेटचा १०० केबीपीएस वेगसुद्धा लागत नाही, ७२०पी दर्जाच्या चित्राला त्याच्या दहापट किंवा जास्त लागतं.

आता जे फारसं कोणाला माहीत नसतं ते. कॉलच्या ॲपमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी सोय असते. तिला माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकी सगळं कापायचं असंच शिकवलेलं असतं. म्हणजे पक्ष्यांचा आवाज, धबधबा, पानांची सळसळ, यंत्राची घरघर, ज्यासाठी तुम्ही कॉल केला तेच ती गाळून टाकते. जंगलातून कॉल करणाऱ्याला सांगा की त्याच्या बाजूला सेटिंगमध्ये जाऊन 'मूळ आवाज' चालू कर. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी किंवा स्पंजची टोपी लागते, ते काम ॲपचं नाही.

चित्राचंही तसंच. व्हिडिओ दाबून पाठवताना आधीच्या चौकटीपेक्षा काय बदललं तेवढंच मुख्यतः पाठवलं जातं. हलणारी पानं, लाटा, पाऊस यांत सगळंच सतत बदलत असतं, म्हणून चित्राचे चौकोन चौकोन होतात. त्यात माणूस चालता चालता दाखवत असेल तर काहीच दिसत नाही. चाला, थांबा, फोन कशावर तरी टेकवा, तीन सेकंद स्थिर ठेवा, मग बोला.

---

आकाशदर्शी

छान धागा. तारजोडणी यांनी आवाजाचं महत्त्व लिहिलं त्याला जोडून सांगतो, कारण मी ज्या प्रकारात मदत करतो त्यात चित्र बहुधा नसतंच.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीर हौशी रेडिओवरून शाळांशी बोलतात. २००० सालच्या डिसेंबरपासून हे चालू आहे. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी २८,००० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं, त्यामुळे एका ठिकाणच्या क्षितिजावर ते जेमतेम दहा मिनिटं असतं. तेवढ्यातच सगळं. मुलं रांगेत उभी, प्रत्येकाचा प्रश्न पाठ, प्रश्न संपला की 'ओव्हर' म्हणायचं आणि माइक पुढच्याकडे. शाळेच्या आकाशातून स्थानक सोयीच्या वेळी जात नसेल तर जगात दुसरीकडच्या रेडिओ केंद्रातून संपर्क साधतात आणि आवाज शाळेपर्यंत आणतात.

मी अशा एका कार्यक्रमाला मदतनीस होतो. तयारी दोन महिने, बोलणं नऊ मिनिटं. शेवटच्या मुलीचा प्रश्न अर्धा झाला आणि आवाज खरखरीत विरून गेला. सभागृहात तीनशे माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. स्थानक क्षितिजाखाली गेलं होतं. पृथ्वी गोल आहे हे त्या दिवशी त्या मुलांनी कानांनी ऐकलं. त्या मुलीचा प्रश्न आम्ही नंतर पत्राने पाठवला, पण ती त्या क्षणाबद्दलच जास्त बोलत असते.

ही कल्पना व्हिडिओ ॲपच्या कितीतरी आधीची आहे. समुद्रसंशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९८५ मध्ये टायटॅनिकचे अवशेष शोधले, त्यानंतर त्यांना मुलांची हजारो पत्रं आली, पुढच्या वेळी आम्हालाही घेऊन चला म्हणून. त्यातून १९८९ मध्ये 'जेसन' प्रकल्प उभा राहिला. भूमध्य समुद्राच्या तळाशी यंत्रमानव, त्याचं चित्र उपग्रहावरून थेट संग्रहालयांच्या सभागृहांत, आणि तिथे बसलेली शाळेची मुलं. आजही 'नॉटिलस' या संशोधन जहाजावरून समुद्रतळाचं थेट प्रक्षेपण चालतं आणि जहाजावरचे लोक वर्गांशी बोलतात.

---

मधली_सुट्टी

उशिराबद्दल एक शंका. कॉलवर मुलं प्रश्न विचारतात, पलीकडून लगेच काही येत नाही, मग मुलं पुन्हा बोलतात, तोवर तिकडून उत्तर सुरू होतं आणि गोंधळ. यावर काही उपाय?

---

तारजोडणी

हो. आमनेसामने बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा भाग असतं. २००९ मध्ये दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात हे दिसलं होतं. कॉलवरचा उशीर एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं, असं दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकात धरलंय. भूस्थिर उपग्रहाची जोडणी असेल, म्हणजे जहाज किंवा दुर्गम तळ, तर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. नुसतं वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. यंत्रांचा उशीर वेगळा. कितीही महाग उपकरण आणलं तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही. मुलांना हे आधीच सांगा, त्यांना ते फार आवडतं.

---

खडूफळा

मी त्या उशिराचा फायदाच करून घेते.

विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांचं १९७० च्या दशकातलं काम आहे. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, एरवी गप्प बसणारीसुद्धा. मला स्वतःला ते तीन सेकंद वर्षानुवर्षं जमले नाहीत. कॉलवर ते आपोआप होतात. पाहुण्यांना आधीच विनंती करते: प्रश्न विचारून झाला की मनात पाच आकडे मोजा, मगच पुढे बोला. आमच्या वर्गात एक मुलगा वर्षभर हात वर करत नव्हता. त्या पाच आकड्यांत तो उठून माइकपाशी पोहोचला.

---

पहिलीदुसरी

लहान मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 'एवढ्या लहान मुलांना पडद्यावरचं काय कळणार' असं मला नेहमी ऐकवलं जातं.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवीन क्रियापदं शिकवली. काहींना समोर बसून, काहींना थेट व्हिडिओ कॉलवर, आणि काहींना दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलची ध्वनिचित्रफीत दाखवून. समोर बसलेली मुलं शिकली, थेट कॉलवरची मुलंही शिकली, ध्वनिचित्रफीत बघणारी शिकली नाहीत. पडदा तोच, बाईही तीच. फरक एवढाच की ध्वनिचित्रफितीतली बाई त्या मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नव्हती. खडूफळा ताईंची दगडाची गोष्ट आणि हा प्रयोग, मला तर एकच वाटतात.

पहिली-दुसरीला माझी मर्यादा पंधरा मिनिटं. त्यातही हातात काहीतरी हवं. पक्ष्यांच्या माणसाशी कॉल असेल तर प्रत्येकाच्या हातात एक पीस. तो म्हणतो "दांडीवर बोट फिरवा", सगळे फिरवतात. "आता उलटं फिरवा, काय झालं?" पीस विस्कटतं. "आता नीट करा." चिमटीत धरून ओढलं की परत जुळतं. त्याने हातातल्या पिसावर तेच करून दाखवलं. आकड्यांसारख्या बारीक तंतूंनी ते जुळतं हे त्याने सांगितलं तेव्हा वर्गात सगळे आपापल्या पिसाकडे बघत होते, पडद्याकडे कोणीच नाही. मला असंच हवं होतं.

---

खुणांची_भाषा

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. दोन गोष्टी, कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा.

खुणांची भाषा बोलणाऱ्या दुभाष्याची खिडकी कायम मोठी आणि जागेवर राहील अशी पिन करा. ॲप बोलणाऱ्याला आपोआप मोठं करतं आणि दुभाष्या बोलत नसतो, म्हणून तो सतत नाहीसा होतो. दुसरं, मुलं एकाच वेळी दुभाष्याकडे आणि वस्तूकडे बघू शकत नाहीत. आधी सांगा, मग थांबा, मग दाखवा. दोन्ही एकत्र केलं तर आमची मुलं एक काहीतरी गमावतात.

आणि पायवाट यांना एक सांगायचंय. माझ्या वर्गात चाकाच्या खुर्चीवरचा एक मुलगा आहे. खडकाळ किनारा त्याला कधीच जवळून दिसला नव्हता. कॉलवर त्याने स्वतः "आता डावीकडे" अशी खूण केली आणि किनाऱ्यावरची बाई डावीकडे गेली. त्या दिवशी घरी गेल्यावर तो दोन तास बोलत होता असं त्याच्या आईने कळवलं.

---

पायवाट

हे वाचून थांबलो. माझा मुद्दा सहल रद्द करणाऱ्यांबद्दल होता आणि तो राहीलच. पण या मुलाचा विचार मी केला नव्हता.

---

चौथीतलीची_आई

पालक म्हणून विचारते. मुलांचे चेहरे अनोळखी लोकांपर्यंत जातात. कोण रेकॉर्ड करतं, ते कुठे राहतं? आम्हाला एकदा नुसता निरोप आला, 'उद्या परदेशातल्या शाळेशी कॉल आहे'. एवढंच.

---

खडूफळा

हे चुकीचंच झालं. आमच्याकडे लेखी संमती घेतो आणि ज्यांची नसेल ती मुलं कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसतात, पण प्रश्न विचारतात. खिडकीवर मुलांची नावं नाहीत, फक्त इयत्ता. मीटिंगला पासवर्ड आणि प्रतीक्षाखोली, दुवा फक्त पाहुण्याला. रेकॉर्डिंग दोन्हीकडून बंद. पाहुण्यांशी मी आदल्या दिवशी स्वतः दहा मिनिटं बोलते, ती चाचणीही होते आणि माणूसही कळतो. तुम्ही शाळेला हे सगळं विचारा, तो तुमचा हक्क आहे.

---

भूगोलवही

माझा अनुभव दोन वर्गांच्या एकमेकांशी कॉलचा आहे. तज्ज्ञ नाही, पाहुणा नाही. दोन्हीकडे मुलंच.

सुरुवात 'ओळखा आम्ही कुठे' या खेळाने. फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न. पहिल्यांदा मुलं थेट देशांची नावं घेत सुटतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की 'विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का' विचारलं की एका प्रश्नात अर्धं जग बाद होतं. दर वेळी निम्मे देश बाद होतील असा प्रश्न सुचला तर आठ प्रश्नांत २५६ पर्याय संपतात आणि जगात देश दोनशेच्या आत-बाहेर आहेत. गणिताच्या सरांनी पुढचा तास याच्यावरच घेतला.

पण मला सांगायचंय ते सावलीबद्दल. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या सायीनी आणि अलेक्झांड्रिया इथल्या मध्यान्हीच्या सूर्यातला फरक ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग धरला आणि पृथ्वीचा परीघ काढला. हे दोन शाळांना करता येतं. एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करायची, दुपारची सर्वांत छोटी सावली मोजायची, कोन काढायचा, दोन्ही कोनांची वजाबाकी.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. दोन्ही शाळांनी घड्याळात बारा वाजता सावली मोजली. घड्याळाचे बारा म्हणजे सूर्याची मध्यान्ह नव्हे. रेखांशात एका अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. उत्तर कुठल्या कुठे गेलं.

दुसऱ्या वर्षी मार्चमधल्या विषुवदिनाच्या सुमारास तासभर कॉल चालू ठेवला. दोन्हीकडे मैदानात काठी, दर पाच मिनिटांनी खडूने खूण. आणि अचानक पलीकडची मुलं ओरडली, "आमची लांबायला लागली!" आमची अजून आखडतच होती. आमच्याकडे एकदम शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांची दुपार झाली, आपली व्हायची आहे." आमची सावली वीस मिनिटांनी फिरली. वीस भागिले चार, पाच अंश. पलीकडची शाळा आमच्या पूर्वेला पाच अंशांवर आहे हे त्यांनी नकाशा न बघता सांगितलं. नकाशा उघडला, बरोबर होतं. मी अठरा वर्षं रेखांश शिकवतोय, पण असा रेखांश मीही पहिल्यांदा बघितला.

आमची सावली ३४.५ सेंटिमीटर, म्हणजे १९ अंश. त्यांची ५०.५, म्हणजे २६.८ अंश. फरक ७.८. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर ८९० किलोमीटर. ८९० गुणिले ३६० भागिले ७.८, परीघ आला सुमारे ४१,१०० किलोमीटर. खरा ४०,००० च्या आसपास, म्हणजे चूक तीन टक्क्यांच्या आत.

चूक कुठून आली हा वाद मात्र आठवडाभर चालला आणि तोच सर्वांत मोलाचा. सूर्य बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाचं बिंब आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या टोकाची सावली सेंटिमीटरभर धूसर असते. नेमकं कुठे मोजायचं? अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने कोन पाव अंशाच्या आसपास बदलतो, आणि एवढ्या कमी अंतरावर तेवढ्यानेच तीन टक्के जातात.

---

मधली_सुट्टी

सर, एक विचारू का? ते ८९० किलोमीटर अक्षांशांच्या फरकावरून काढले असतील तर पृथ्वीचा आकार आधीच धरल्यासारखं होत नाही का?

---

भूगोलवही

अगदी हाच प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने विचारला होता! अक्षांशांचा फरक गुणिले १११ (एका अंशाचे किलोमीटर) केलंत तर तसंच होतं, म्हणून ते करायचं नाही. आम्ही छापील नकाशावर उत्तर-दक्षिण पट्टी ठेवून प्रमाणावरून अंतर घेतलं. नकाशाही शेवटी कोणीतरी जमीन मोजूनच केलेला असतो. रस्त्याचं अंतर मात्र घेऊ नका, तो वळणं घेतो आणि पूर्व-पश्चिमही जातो.

---

दूरचा_वर्ग

फक्त वाचत होते, आता लिहावंसं वाटलं. मी दक्षिण गोलार्धात, साधारण ३४ अंशांवर शिकवते. सप्टेंबरच्या विषुवदिनाला आमच्या वर्गाबरोबर कराल का? एक अडचण आहे. आम्ही तुमच्या पूर्वेला साठेक अंशांवर आहोत. तुमची मध्यान्ह होईल तेव्हा आमच्याकडे दुपार टळून चार तास झालेले असतील. शाळा साडेतीनला सुटते. आणि कोनांची वजाबाकी करायची की कसं?

---

भूगोलवही

नक्की करू! तुमची सावली दक्षिणेला पडेल आणि आमची उत्तरेला, म्हणून वजाबाकी नाही, बेरीज. १९ आणि ३४ मिळून ५३ अंश. एवढ्या मोठ्या कोनात पाव अंशाची चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत येते, म्हणजे आमच्या आधीच्या प्रयोगापेक्षा कितीतरी अचूक उत्तर मिळेल. तुमच्या मध्यान्हीला आम्ही सकाळीच शाळेत येऊन कॉलवर बसू. आमच्या मध्यान्हीला तुमच्याकडे कोणी थांबू शकेल का? दोन-तीन मुलं असली तरी चालतील. त्यांची लांब झालेली सावली आणि आमची छोटी, दोन्ही एकाच पडद्यावर दिसायला हव्यात.

---

दूरचा_वर्ग

आज वर्गात विचारलं. चार मुलं थांबायला तयार आहेत, एकाचे बाबाही येतो म्हणाले. मैदानाच्या पश्चिमेला इमारत आहे, तिची सावली दुपारनंतर येते, म्हणून काठी पूर्वेच्या कुंपणाजवळ लावू. एक मीटरचीच घेऊ ना?

---

भूगोलवही

एक मीटरचीच. आणि जमीन सपाट आहे का ते पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळीने बघून घ्या, आम्ही ते विसरलो होतो.